सकाळी खोपटं पाडली, संध्याकाळी नाटक सुरू होतं : ‘बूसमन आणि लीना’चा अभ्यास कसा करावा

अ‍ॅथॉल फ्यूगार्ड या दक्षिण आफ्रिकी नाटककाराचं ‘बूसमन आणि लीना’ हे दोन अंकी नाटक वाचून व्हायला दीड-दोन तास लागतात. अभ्यासाला मात्र पंधरा दिवस द्या, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. बरीच वर्षं हे नाटक शिकवलं, तरी दर वर्षी कुणीतरी मला न दिसलेली एखादी गोष्ट दाखवतं. या लेखात त्या पंधरा दिवसांत काय करायचं ते क्रमानं लिहिलं आहे. परीक्षेसाठी वाचणाऱ्यांना, नाटक बसवणाऱ्यांना आणि आवड म्हणून वाचणाऱ्यांना, सगळ्यांनाच ते चालेल.

गोष्ट चार ओळींत मावते. दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहराच्या (आता गेबेर्हा) कडेला कोर्स्टनमध्ये गरिबांची खोपटं होती. ती सकाळी बुलडोझरनं पाडली. त्यातलं एक कलर्ड जोडपं (कलर्ड हा तिथला एक वंशगट, खुलासा पुढे आहे), बूसमन आणि लीना, दिवसभर चालत संध्याकाळी स्वार्टकॉप्स नदीच्या चिखलात येऊन पोचतं. रात्री त्यांच्या शेकोटीपाशी एक म्हातारा आफ्रिकन माणूस येतो आणि पहाटेच्या आत तिथंच मरतो. दोघं पुन्हा सामान उचलून अंधारात निघतात.

या नाटकाची दोन तयार उत्तरं सगळ्यांना माहीत असतात. एक : ‘हे वर्णद्वेषाविरुद्धचं नाटक आहे.’ दुसरं : ‘हे सॅम्युअल बेकेट या नाटककाराच्या वळणाचं, माणसाच्या एकटेपणाचं नाटक आहे.’ दोन्ही खोटी नाहीत, पण दोन्ही संहिता न उघडता लिहिता येतात. म्हणून पहिला आठवडाभर ती बाजूला ठेवा.

आधी नुसतं वाचा

एका बैठकीत, शब्दकोश न उघडता. इंग्रजी संवादांत आफ्रिकान्स (डचमधून घडलेली तिथली भाषा) शब्द पेरलेले आहेत आणि बहुतेक आवृत्त्यांत मागे शब्दार्थ दिलेले असतात. पहिल्या वाचनात तिकडे वळू नका. शिवी आहे की लाड, हे आवाजावरून कळतंच. वाचून झालं की वही उघडून एकच गोष्ट लिहा : कुठल्या क्षणी तुम्हाला कुणाची चीड आली. पुढे हे पान कामाला येणार आहे.

ओझ्याची यादी

दुसऱ्या दिवशी फक्त रंगसूचना वाचा. पडदा उघडतो तेव्हा रंगमंच रिकामा आहे. आधी बूसमन येतो. त्याच्या अंगावर गादी, पांघरूण, काळा पडलेला रॉकेलचा डबा, सफरचंदाचं खोकं आहे आणि एका हातानं तो पत्र्याचा तुकडा ओढतो आहे. मागून लीना येते. तिच्या डोक्यावर गाठोडं, काखेत जळण. डोक्यावरच्या ओझ्यानं तिची मान ताठ झाली आहे. दोघंही अनवाणी.

वहीत दोन रकाने आखा, बूसमन आणि लीना. कुठली वस्तू कुणाकडे आहे, ती कधी खाली ठेवली, कधी दुसऱ्याच्या हातात गेली, हे पान क्रमांकासह नोंदवा. दारूच्या दोन बाटल्या, कप, पाव, पांघरूण, काहीही सोडू नका. हे काम कंटाळवाणं वाटेल. पण नाटकातली सत्ता भाषणांतून जेवढी कळते, त्याहून जास्त या वस्तूंच्या हालचालीतून कळते. लीना आपल्या वाट्याची दारू देऊन टाकते, कशाच्या बदल्यात? त्या अनोळखी म्हाताऱ्याला बसू द्यावं म्हणून. दिवसभर चाललेली, मार खाल्लेली बाई आपली एकमेव मौजेची गोष्ट सोबतीसाठी देते. हा व्यवहार तुमच्या यादीत एका ओळीचा असेल, पण पहिल्या अंकाचा सगळा ताण त्याच्याभोवती आहे.

शक्य असेल तर आणखी एक करा. घरातली गादी गुंडाळून पाठीवर घ्या किंवा दहा किलोचं गाठोडं डोक्यावर ठेवा, दहा मिनिटं चाला आणि मग लीनाचं पहिलं भाषण म्हणा. तिची वाक्यं तुटक का आहेत ते श्वासाला कळतं. आमच्या वर्गात एका मुलीनं हे करून पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅडम, वर बघताच येत नाही.’ लीनाची तक्रार हीच आहे. दिवसभर तिनं बूसमनच्या पाठीशिवाय काही पाहिलेलं नाही.

नकाशा आणि पेन्सिल

नाटकातली गावं खरी आहेत : रेडहाउस, स्वार्टकॉप्स, फीप्लास, कोर्स्टन, बेथेल्सडॉर्प, मिशनवेल, कूगा, क्लाइनस्कूल. सगळी पोर्ट एलिझाबेथच्या आसपासची. इंटरनेटवरचा नकाशा उघडा, त्यांवर खुणा करा आणि लीना जो जो क्रम सांगते तो वेगवेगळ्या रंगांच्या रेघांनी जोडा. रेघा एकमेकींना कापत जातात, पुन्हा त्याच ठिकाणी येतात. तिला आठवत नाही की आधी कुठे होतो आणि मग कुठे गेलो. बूसमन तिच्या या गोंधळाला हसतो, मुद्दाम आणखी चुकवतो.

ही रेघांची गुंतवळ समोर असली की ‘विस्थापन’ हा शब्द निबंधात सहज टाकता येत नाही. घर एकदा पाडलं आणि माणसं हलली, असं इथं झालेलं नाही. इतक्या वेळा हललेत की आयुष्याचा क्रमच मोडला आहे. लीना सारखी विचारते की मी इथवर आले कशी. आजची सकाळ कोर्स्टनमध्ये सुरू झाली, हे तिला माहीत आहे. त्याआधीचं कसं जुळवायचं?

नकाशावर बेथेल्सडॉर्पपाशी क्षणभर थांबा. लंडन मिशनरी सोसायटीनं 1803 मध्ये खोईखोई या तिथल्या मूळ रहिवाशांसाठी वसवलेलं हे गाव. म्हणजे या जोडप्याच्या पूर्वजांपैकी काहींना ‘तुम्ही इथं राहा’ असं सांगण्याची रीत नाटकाच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीची आहे.

कायद्यांचं एक पान

पार्श्वभूमीत बुडून जाऊ नका, एकच पान लिहा. त्यात तीन कायदे पुरेत. 1950 चा लोकसंख्या नोंदणी कायदा : प्रत्येक माणसाला वंशगटाचं लेबल. 1950 चा ग्रुप एरियाज कायदा : कुठला गट कुठे राहील हे सरकार ठरवणार. 1951 चा बेकायदा वस्ती प्रतिबंध कायदा : झोपड्या पाडण्याची मुभा. फ्यूगार्ड यातल्या एकाचंही नाव घेत नाही, कारण बूसमनला कायदा कलमांनी माहीत नाही. त्याला तो पिवळ्या यंत्राच्या रूपात माहीत आहे.

‘कलर्ड’ या शब्दाचं मराठी करताना ‘मिश्रवंशीय’ लिहून मोकळं होण्याची सवय आहे. ती टाळा. खोईखोई आणि सान हे मूळ रहिवासी, युरोपीय वसाहतवाले आणि डचांनी गुलाम म्हणून आणलेली माणसं, या सगळ्यांची ही संतती आहे. गुलामांत आजच्या इंडोनेशियातले होते, मादागास्कर आणि मोझांबिकचे होते, बंगाल, कोरोमंडल आणि मलबार किनाऱ्यावरून नेलेलेही होते. सरकारी लेबल असलं तरी तिथले अनेक लोक आजही स्वतःला अभिमानानं कलर्ड म्हणतात. म्हणून मराठीत ‘कलर्ड’ तसाच ठेवून एकदा खुलासा करावा, असं माझं मत आहे.

नाटक 1969 चं आहे. त्याच सुमाराला केपटाउनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स रिकामा होत होता. 11 फेब्रुवारी 1966 ला तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत मिळून सुमारे 60,000 माणसं तिथून हलवली गेली. घरं पाडली, चर्च आणि मशिदी तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या गल्ल्यांत कलर्ड लोकांच्या शेजारी भारतीय दुकानदारही होते, आणि केपटाउनच्या भारतीयांत रत्नागिरीकडून गेलेले कोकणी मुसलमान बरेच. जगबुडी-वाशिष्ठीच्या काठची बोली तिथं अजून काही घरांत ऐकू येते. पोर्ट एलिझाबेथचा साउथ एन्ड हा भागही असाच मोडला. अभ्यासात हे सगळं लागतं ते एवढ्यासाठी की बूसमन-लीना या सगळ्यांच्याही खालच्या पायरीवर आहेत. डिस्ट्रिक्ट सिक्सच्या माणसाकडे भाड्याची का होईना पावती होती, रस्त्याचं नाव होतं, पुढे संग्रहालयात लावायला पाटी होती. या दोघांकडे पत्र्याचा तुकडा आहे.

शब्द

आता शब्दार्थ उघडा. पण प्रत्येक शब्दाला अर्थ चिकटवत बसू नका, पाच-सहा शब्दांची कुळं शोधा.

‘पोन्डॉक’ म्हणजे त्यांचं खोपट. हा शब्द मलय भाषेतला. गुलाम आणि कैदी म्हणून आलेल्या पूर्वेकडच्या लोकांबरोबर केपमध्ये आला. मराठीत काय म्हणाल? ‘झोपडी’त वस्तीचा, स्थिरतेचा वास आहे. ‘पाल’ कापडाचं असतं. ऊसतोडीची ‘कोपी’ जवळ जाते, कारण ती हंगाम संपला की मोडतात. पण कोपी म्हटलं की वाचक लगेच बीड जिल्ह्यात पोचतो आणि स्वार्टकॉप्सचा चिखल दिसेनासा होतो. मी ‘खोपट’ वापरते. तुम्ही दुसरा शब्द निवडा, पण निवड का केली ते दोन ओळींत लिहा. तो तुमच्या अभ्यासाचा भाग आहे.

‘बूसमन’ हे नाव म्हणजेच ‘बुशमन’, सान लोकांना गोऱ्यांनी दिलेलं नाव. ‘हॉटनॉट’ ही खोईखोई लोकांवरची शिवी. म्हणजे नायकाच्या नावातच हेटाळणी आहे, आणि तो दिवसभर त्याच नावानं हाक ऐकतो. ‘बास’ म्हणजे मालक. बूसमन गोऱ्यांशी बोलण्याची नक्कल करतो तेव्हा ‘बासी’ म्हणतो, लाचारीचा लाडिक प्रत्यय लावून. ‘औटा’ म्हणजे म्हातारा. लीनाच्या तोंडी तो हळूहळू मऊ होत जातो. बूसमन मात्र त्या म्हाताऱ्याला काळ्यांसाठीची सगळ्यात वाईट शिवी देतो. ती भाषांतरात गाळू नका. गोऱ्यांच्या शिडीवर एक पायरी वर असल्याचा तेवढाच आधार त्याला आहे आणि तो त्याला घट्ट धरून बसलाय.

तीन बाटल्या

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

सकाळी बूसमननं लीनाला मारलं. कारण? रिकाम्या बाटल्यांची पिशवी खाली पडली आणि तीन बाटल्या फुटल्या. रिकाम्या बाटल्या विकून चार पैसे मिळतात, म्हणून हे मोठं नुकसान. पहिल्या अंकात लीना हे असं सांगते की पिशवी तिच्या हातून पडली. अंगावरचे वळ ती त्या हिशोबात मांडते. दुसऱ्या अंकात बूसमन कबूल करतो की बाटल्या त्यानंच पाडल्या होत्या.

एका कागदावर त्या सकाळचा कालक्रम तीन वेळा मांडा : लीना सांगते तसा, बूसमन आधी सांगतो तसा, आणि कबुलीनंतर उरतो तसा. तीन उभ्या ओळी शेजारी ठेवल्या की दिसेल की लीना दिवसभर एका खोट्या कारणासह जगली. तिला मार तर होताच, पण मारामागे निदान कारण होतं, असं तिला वाटत होतं. ते कारणही गेल्यावर ती विचारते की मग मारलंस का. आणि बूसमन स्वतःच्या हाताकडे बघत तोच प्रश्न स्वतःला विचारतो. त्याला उत्तर येत नाही.

इथं बहुतेक निबंध घसरतात. काही जण लिहितात, व्यवस्थेनं बूसमनला चिरडलं म्हणून तो बायकोला चिरडतो. हे वाक्य बूसमनला इतकं सहज सोडवतं की लीनाचे वळ दिसेनासे होतात. काही जण फक्त नवऱ्याच्या मारहाणीवर लिहितात आणि बुलडोझर विसरतात. संहिता दोन्हींना परवानगी देत नाही. लेखकानं बूसमनच्या तोंडी सबब घातलेली नाही, त्याला न सुटणारा प्रश्न घातला आहे. तो तसाच न सोडवता लिहा. पहिल्या दिवशीचं चिडीचं पान आता काढा आणि पाहा, चीड अजून त्याच माणसावर आहे का.

औटा काय बोलतो

म्हातारा खोसा भाषेत पुटपुटतो. छापील संहितेत त्याची वाक्यं नाहीत. पुटपुटल्याची सूचना आहे आणि त्यावर लीनाची उत्तरं. तिला खोसा येत नाही. तरी ती त्याच्याशी तासन्‌तास बोलते, मेलेल्या मुलांबद्दल सांगते, त्यातलं एकच सहा महिने जगलं हेही सांगते. तिला त्याचं बोलणं नको, त्याचे डोळे हवे आहेत. मी आहे हे बघणारं बूसमनखेरीज कुणीतरी. यापूर्वी मागे लागलेल्या एका कुत्र्याकडूनही तिला एवढंच हवं होतं, आणि बूसमननं त्याला दगड मारले होते. मग म्हातारा ‘लीना’ हे नाव उच्चारतो. दुसऱ्या माणसाच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यावर तिचं काय होतं, ती पानं सावकाश वाचा.

पहिल्या अंकाच्या शेवटी ती त्याच्याबरोबर चहाचा कप आणि पाव वाटून घेते आणि त्या कडू चहात, त्या पावात स्वतःचं आयुष्य बघते. ख्रिस्ती उपासनेतला पाव आणि पेला इथं आहेच, आणि नाटक बसवणाऱ्यांना तो मोह होतो. प्रकाश वाढवू नका, संगीत घालू नका. थंडी आहे, चहा कडू आहे, तिघांत एक पांघरूण नीट पुरत नाही. तेवढं दाखवा.

बुलडोझरचं भाषण

दुसऱ्या अंकात दारू प्यायलेला बूसमन सकाळचा प्रसंग नकलांनी उभा करतो. आधी लीनाची आणि शेजाऱ्यांची गोऱ्यांपुढची विनवणी. मग तो पिवळा राक्षस, जबडा जमिनीला टेकवून हळूहळू येणारा. हे भाषण मोठ्यानं वाचा, दोनदा. पहिल्यांदा दुःखी माणसासारखं. दुसऱ्यांदा आनंदी माणसासारखं. दुसरं वाचन जास्त खरं आहे आणि त्यानंच अंगावर काटा येतो. घर पाडलं जात असताना बूसमनला मोकळं वाटलं होतं. खोपटात वाकून, माकडासारखं आत-बाहेर करावं लागायचं. ते गेलं आणि तो ताठ उभा राहिला. स्वातंत्र्य हा शब्द त्याच्या मनात आला. आपण गोऱ्यांचा कचरा आहोत, गोरा फेकतो ते आपण उचलतो, नेसतो, खातो, असं सांगणाराही हाच.

मग ताठ उभा राहिलेला हा माणूस कुठे गेला? नेहमीच्याच रस्त्यानं, नेहमीच्याच चिखलात, आणि पुन्हा खोपट बांधायला बसला. आपण पुन्हा तेच केलं, हे त्यालाही कळतं. नाटकाच्या शेवटाकडे म्हातारा मेल्यावर तो प्रेतावर तुटून पडतो. लीना त्याला दाखवून देते की आता या प्रेतावर वळ आहेत आणि लोक तुझ्याचकडे बोट दाखवतील. घाबरून तो स्वतःचंच खोपट मोडून टाकतो. सकाळी यंत्रानं केलेलं काम रात्री तो हातांनी करतो. या दोन पाडकामांवर अर्धं पान लिहिता आलं तर परीक्षक थांबून वाचेल.

पाहायचं असेल तर

पहिला प्रयोग 1969 मध्ये ग्रॅहॅम्सटाउनच्या ऱ्होड्स विद्यापीठात झाला. बूसमन स्वतः फ्यूगार्ड, लीना इव्हॉन ब्राइसलँड. दोघंही गोरे, रंग लावून कलर्ड झालेले. मिश्र नटसंच आणि मिश्र प्रेक्षक यांवर 1965 पासून बंदी होती, हे खरं. तरीही कुणाचं दुःख कुणाच्या शरीरानं दाखवलं, हा प्रश्न विचारायचाच. 1970 च्या न्यूयॉर्क प्रयोगात जेम्स अर्ल जोन्स आणि रूबी डी होते. चित्रपट दोन आहेत : 1973 चा, फ्यूगार्ड-ब्राइसलँडचाच, आणि 2000 सालचा, डॅनी ग्लोव्हर आणि अँजेला बॅसेटचा. संहिता तीनदा वाचून झाल्याशिवाय यांतलं काहीही पाहू नका, नाहीतर लीनाचा चेहरा आधीच ठरून जातो.

लिहायला बसताना

आपल्याकडच्या उदाहरणांचा मोह आवरा. धरणग्रस्त, ऊसतोड जोडपी, पाडलेल्या झोपडपट्ट्या मनात येणारच, यायलाही हव्यात. पण त्या वेगळ्या पानावर लिहा. आपल्याशी लगेच जोडलं की दक्षिण आफ्रिकेतलं नेमकं काय होतं ते बघायचं राहून जातं.

प्रश्न कुठलाही येवो, सुरुवात एका वस्तूपासून करा : पत्रा, कप, बाटली, पांघरूण. लेखकाच्या चरित्रानं सुरू झालेली उत्तरं मी इतकी तपासली आहेत की दुसऱ्या ओळीत पुढचं सगळं कळतं. चरित्रातलं एक मात्र लक्षात ठेवा. 1965 मध्ये फ्यूगार्डनं क्रॅडॉकजवळच्या रस्त्यावर सगळा संसार डोक्यावर घेऊन चाललेल्या एका बाईला गाडीत घेतलं होतं, आणि ती त्याच्या मनातून गेली नाही. लीनाच्या ताठ मानेचा उगम बहुधा तिथं आहे.

आणि शेवटचं पान लिहिण्याआधी पहिल्या आठवड्यातली ओझ्याची यादी पुन्हा काढा. शेवटी बूसमन सगळं सामान एकट्यानं अंगावर चढवतो, विचित्र दिसावा इतका लादला जातो. आपण कुठून कुठे गेलो तो खरा क्रम, जो त्यानं रात्रभर दिला नाही, तो आता लीनाला सांगतो. ती येणार नाही म्हणालेली असते. मग हात पुढे करून बादली मागते. गोऱ्यांचा कचरा असेल, पण तिला अजून भोक पडलेलं नाही, वापरता येईल, असं म्हणते. तुमच्या यादीतली शेवटची नोंद ही : बादली, लीनाच्या हातात.